गृहवाटिका : लिंबाची कुंडी बदलताना

वाचकहो, गेल्या महिन्यात मोगऱ्याच्या छाटणीविषयी लिहिले, तेव्हापासून अनेक भगिनींनी एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे. 'कुंडीतील लिंबू दोन-तीन वर्षे उत्तम होते. आता पाने पिवळी पडतात, फुले येतात ती गळून जातात, फळ धरत नाही. खत घालून पाहिले, पाणी वाढवून पाहिले, उपयोग नाही. काय करावे?' या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून मिळालेले नाही. एक झाड जवळजवळ गमावल्यावर ते मिळाले, म्हणून आज आधी ती हकीकत सांगते.

आमच्या जुन्या वाड्याच्या परसात कागदी लिंबाचे मोठे झाड होते. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहणार हे ठरले, तेव्हा सासूबाईंनी त्या झाडाच्या एका पिकल्या लिंबातील बिया मातीच्या बोळक्यात लावल्या. त्यातून वाढलेले एक रोप त्यांनी फ्लॅटच्या गच्चीवर कुंडीत जोपासले. त्याला पहिले फळ लागायला सात वर्षे लागली. दरम्यान वाडा गेला, परसातील झाडही गेले. चार वर्षांपूर्वी सासूबाईही गेल्या. म्हणजे वाड्याची आणि सासूबाईंची मिळून एकच जिवंत खूण घरात उरली, ती म्हणजे चौदा इंची कुंडीतील हे लिंबू. मामंजी रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून बसत.

सासूबाईंच्या पश्चात दुसऱ्या वर्षी झाड खंगू लागले. मी घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच केले. शेणखत वाढवले, पाणी दोन वेळा घालू लागले, बाजारातून कसली तरी पुडी आणून तीही टाकली. झाड आणखी पिवळे झाले. मामंजी आयुष्यभर भुसार मालाच्या व्यापारात होते. बागकामातले त्यांना फारसे कळत नाही. पण एके सकाळी ते म्हणाले, "सूनबाई, दुकानात माल मावेनासा झाला की आपण गिऱ्हाईकाला दोष देत नाही, आधी गोदाम बघतो. ह्या झाडाचं गोदाम बघितलंस का कधी?"

मी ते कधीच पाहिले नव्हते. नऊ वर्षांत त्या झाडाची कुंडी एकदाही बदललेली नव्हती.

कुंडी बदलण्याची वेळ कशी ओळखावी

जमिनीतील झाडाची मुळे अन्न-पाण्याच्या शोधात दूरवर जाऊ शकतात. कुंडीतील मुळे भिंतीला अडतात, वळतात आणि स्वतःभोवतीच फिरत राहतात. काही वर्षांत माती संपते आणि मुळेच उरतात. मग वरून घातलेले पाणी क्षणात तळाच्या छिद्रातून बाहेर येते. आपल्याला वाटते झाड पाणी प्यायले. प्रत्यक्षात मधला गड्डा कोरडाच असतो. तळाच्या छिद्रातून मुळे डोकावणे, मातीची पातळी खाली जाणे, नवी पाने लहान येणे, पाणी घातल्यावरही दुपारी झाड मलूल दिसणे, ही सारी त्याचीच लक्षणे होत. साधारणपणे तरुण झाडाची कुंडी दर दोन वर्षांनी आणि मोठ्या झाडाची तीन ते चार वर्षांनी बदलावी.

हा प्रश्न नवा नाही. फ्रान्समधील व्हर्साय येथील राजवाड्यासाठी ज्यूल अर्दुआं-मांसार या वास्तुशिल्पकाराने १६८४ ते १६८६ या काळात संत्र्या-लिंबांच्या झाडांसाठी एक प्रचंड दालन बांधले. थंडीत झाडे आत आणि उन्हाळ्यात बाहेर न्यावी लागत, म्हणून ती लाकडी पेट्यांत लावलेली असत. त्या पेट्यांच्या बाजू उघडता येतील अशी रचना करण्यात आली होती, कारण झाडाला हात न लावता मुळांची निगा राखता आली पाहिजे. राजाच्या माळ्यालाही अखेर मुळांशीच जावे लागले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

काळ कोणता निवडावा

आपल्याकडे बहुतेक माळी कुंडी बदलण्यासाठी पावसाळ्याचा आरंभ सुचवतात. हवेत ओलावा असतो, ऊन सौम्य असते, झाड लवकर सावरते. म्हणून तो सल्ला चुकीचा नाही. परंतु पावसाळ्यात मातीत सूक्ष्म जीवांची उत्पत्ती मोठी असते, आणि चातुर्मासात माती उकरणे आपल्यापैकी अनेक घरांत कटाक्षाने टाळले जाते. त्यांच्यासाठी दुसरा तितकाच चांगला काळ आहे: जानेवारीची अखेर ते फेब्रुवारी. थंडी ओसरत असते आणि लिंबूवर्गीय झाडांना नवी पालवी फुटण्याची ती वेळ असते, त्यामुळे कापलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे लवकर येतात. शेतकरी ज्याला आंबे बहार म्हणतात तो याच सुमारास येतो. झाड फुलांनी किंवा कोवळ्या फळांनी भरलेले असेल, तर मात्र थांबावे. एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हात हे काम कधीही करू नये.

कुंडी आणि माती

नवी कुंडी जुन्यापेक्षा दोन, फार तर तीन इंचांनी मोठी घ्यावी. 'एकदाच मोठी घेऊन टाकू' हा विचार काटकसरीचा वाटला तरी तोट्याचा आहे. मोठ्या कुंडीतील ज्या मातीपर्यंत मुळे पोहोचलेली नसतात, ती माती ओलीच राहते आणि मुळे कुजू लागतात. घरगुती लिंबाला शेवटी अठरा ते वीस इंची कुंडी पुरते. मातीची कुंडी श्वास घेते, म्हणून ती उत्तम. गच्चीवर भार नको असेल तर जाड कापडाची पिशवीही चालते. तळाला पुरेशी छिद्रे असावीत आणि कुंडी विटांवर ठेवावी, म्हणजे पाणी निघून जाते व गच्चीलाही ओल लागत नाही.

तळाशी खडीचा जाड थर देण्याची आपली जुनी सवय आहे. त्याने निचरा सुधारत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही. ते खडीच्या वर मातीतच साचून राहते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. छिद्रावर एक वाकडे खापर पालथे ठेवले की पुरे.

मातीचे प्रमाण असे ठेवावे: लाल किंवा पोयट्याची माती चार भाग, पूर्ण कुजलेले शेणखत अथवा चाळलेले गांडूळखत तीन भाग, जाडसर वाळू दोन भाग, आणि भाताचे तूस किंवा कोकोपीट एक भाग. त्यात दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. शेतातील काळी माती सुपीक असली तरी कुंडीत टाळावी. ती ओली झाली की चिकट होते आणि वाळली की आक्रसून मुळे तोडते. बांधकामाचा चुना मिसळलेली मातीही वर्ज्य, कारण लिंबाला किंचित आम्लधर्मी माती मानवते.

येथे एक सावधगिरीची सूचना. रोपवाटिकेत कुंडीच्या मिश्रणात बोनमील सर्रास घातलेले असते. बोनमील म्हणजे जनावरांच्या हाडांचा चुरा. रक्तखत, शिंगखत आणि माशांपासून केलेली द्रव खतेही याच जातीची. तयार मिश्रण विकत घेताना घटकांची नावे वाचावीत, सुटे घेत असल्यास स्पष्ट विचारावे. दुकानदाराने विचारल्याशिवाय सांगितले नाही, म्हणून दोष त्याला देता येत नाही. मालाची चौकशी करणे हे घेणाऱ्याचे काम, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट हे खनिज वापरता येते. लाकडाची राखही उपयोगी, परंतु ती क्षारधर्मी असल्याने लिंबाला चिमूटभरच द्यावी.

प्रत्यक्ष कृती

आदल्या दिवशी झाडाला पाणी घालावे. सकाळी किंवा सायंकाळी, सावलीत काम करावे. कुंडीच्या कडेने पातळ सुरी फिरवावी, कुंडी आडवी करून हलके ठोकावे आणि खोडाच्या बुंध्याला धरून गड्डा अलगद बाहेर काढावा. फांदीला धरून ओढू नये.

आमचे झाड बाहेर आले तेव्हा मी पाहतच राहिले. माती जवळजवळ नव्हतीच. कुंडीच्याच आकाराची मुळांची घट्ट विणलेली टोपली होती, आणि तळाशी काळी पडलेली, कुजकट वासाची मुळे. मी वाढवलेल्या पाण्याचा तो परिणाम होता. आता ती कापायची होती. सासूबाईंनी बीपासून वाढवलेल्या झाडाची मुळे आपल्या हाताने कापायची, या विचाराने माझा हात थांबला. मामंजी शेजारीच होते. ते इतकेच म्हणाले, "तिच्या हातून झालं असतं तर तिनंही कापलीच असती."

काळी, मऊ पडलेली मुळे पूर्ण काढावीत. निरोगी मूळ फिकट रंगाचे व टणक असते. गोल फिरलेली बाहेरची मुळे स्वच्छ, धारदार कात्रीने कापून मोकळी करावीत. मात्र एकूण मुळांच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक निरोगी मुळे काढू नयेत. जितकी मुळे कमी केली, तितका वरचा पसाराही हलकासा छाटावा, कारण कमी मुळांना पूर्वीइतक्या पानांना पाणी पुरवणे झेपत नाही. जुन्या मातीत गांडुळे वा अन्य जीव आढळले तर ती माती झटकून टाकू नये. सावलीत दुसऱ्या कुंडीत हळुवार सोडावी.

नव्या कुंडीत झाड पूर्वीइतक्याच खोलीवर बसवावे. खोड अधिक खोल पुरले तर बुंध्याशी ओल राहून डिंक्या रोग होतो. साल फुटून डिंक पाझरू लागतो. झाड कलमी असेल, तर कलमाचा सांधा मातीच्या तीन-चार बोटे वर राहिलाच पाहिजे. सांध्याच्या खालून येणारे फुटवे खुंटाचे, बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे असतात. ते दिसताच काढावेत. माती हाताने दाबून पोकळी भरावी, फार ठोकू नये. मग तळातून येईपर्यंत पाणी द्यावे आणि आठ-दहा दिवस सावलीत ठेवून हळूहळू उन्हात न्यावे. महिनाभर कोणतेही खत देऊ नये.

पहिल्या आठवड्यात आमच्या झाडाने उरलीसुरली पानेही टाकली. मला वाटले, संपले. परंतु अशी पानगळ काही प्रमाणात स्वाभाविक असते. नखाने फांदीची साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. मी रोज खरवडू लागले, तेव्हा माझ्या मुलाने मला थांबवले. तेविसाव्या दिवशी एका फांदीवर मोहरीएवढे हिरवे टोक दिसले. मामंजींनी ते माझ्या आधी पाहिले होते. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्यावरच त्यांनी मला हाक मारली.

पुढील निगा

लिंबाला रोज किमान सहा तास ऊन हवे. पाणी घड्याळाकडे पाहून घालू नये. बोट दोन इंच मातीत घालावे. कोरडे लागले तरच भरपूर पाणी द्यावे, ओलसर लागले तर थांबावे. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. फुले-फळे असताना एकदा तहानलेले आणि एकदा बुडालेले, अशी झाडाची स्थिती झाली तर फळे गळतात. पहिल्या बहरातील बरीचशी फुले मात्र एरवीही गळतात, त्याची चिंता करू नये. फुलापासून पिकल्या फळापर्यंत कागदी लिंबाला साधारण पाच ते सहा महिने लागतात.

अन्न शोषणारी बारीक मुळे मातीच्या वरच्याच थरात असतात, म्हणून खुरप्याने खोल खणू नये. वाढीच्या काळात दीड महिन्याने ओंजळभर गांडूळखत वर पसरावे, पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. ते खोडाला चिकटू देऊ नये.

पाने स्वतःच रोग सांगतात. जुनी पाने सर्वांगाने पिवळी पडली तर नत्र कमी आहे. जुन्या पानाच्या देठाकडे हिरवा त्रिकोण राहून कडा पिवळ्या झाल्या तर मॅग्नेशियम कमी. एक लहान चमचा एप्सम सॉल्ट चार लिटर पाण्यात विरघळवून महिन्यातून एकदा द्यावे. नवीन पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह किंवा जस्त कमी पडते. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्यांच्या घरी हे वारंवार दिसते. शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी द्यावे. पानांवर व फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके आणि भोवती पिवळी वलये दिसली तर तो खैऱ्या, म्हणजे जिवाणूजन्य रोग; पावसाच्या शिंतोड्यांनी तो पसरतो. रोगट फांद्या कोरड्या हवेत छाटाव्यात आणि कात्री पुसून घ्यावी.

अळ्यांचा प्रश्न

आता सर्वांत अवघड विषय. त्या पावसाळ्यात झाड पालवीने भरले आणि एका सकाळी मुलाने अकरा अळ्या मोजल्या. लिंबावरील फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक अंडे घालते. लहानपणी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगांसारखा दुभंगलेला अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. अकरा अळ्यांना आमच्या अशक्त झाडाची पालवी चार-सहा दिवसांचीही नव्हती. रोपवाटिकेतून औषधाची बाटली सुचवण्यात आली. 'ती घेऊ नये' हे म्हणणे सोपे होते. झाड मरू द्यावे, हेही कोणाला म्हणवत नव्हते. मामंजी म्हणाले, "झाड तिचं आहे, आणि त्यांची भूकही खरी आहे. दोन्ही खाती जुळतील असं काही बघ."

आम्ही अळ्या पानांसकट कढीलिंबाच्या कुंडीत ठेवून पाहिल्या. ते झाडही लिंबाच्याच कुळातले. परंतु लिंबाच्या पानांना सरावलेल्या त्या अळ्यांनी कढीलिंबाला तोंड लावले नाही. शेवटी त्या डब्यात घालून मुलाने गावाबाहेरच्या एका मळ्यातील मोठ्या लिंबावर नेऊन सोडल्या. मोठ्या झाडाला तेवढ्या अळ्या सहज झेपतात. ते काम चार खेपांचे झाले.

त्यानंतर आम्ही जे केले तेच आपणांस सुचवते. एक, कोवळी पालवी फुटताच झाडावर मच्छरदाणीचे कापड घालावे, म्हणजे अंडी घातलीच जात नाहीत; फुले उमलताच ते काढावे, म्हणजे मधमाश्यांना वाट मोकळी होते. दोन, शेणखत व पेंड यांचा अतिरेक करू नये; अति नत्राने येणाऱ्या लुसलुशीत पालवीवर मावा अधिक येतो. मावा व पिठ्या ढेकूण दिसू लागताच पाण्याच्या हलक्या धारेने आणि ओल्या फडक्याने फांद्या स्वच्छ ठेवाव्यात. निंबोळी तेलाच्या वासाने कीटक दूर राहतात, परंतु ते अंगावर फवारले तर लहान जीव मरतात, हे जाणूनच ज्याने त्याने निर्णय घ्यावा. तीन, एक जादा रोप केवळ फुलपाखरांसाठी ठेवावे.

हे तिसरे आम्हांला फार सोपे गेले. कागदी लिंबाच्या एका बीतून पुष्कळदा एकाहून अधिक रोपे उगवतात, आणि त्यांतील बहुतेक मूळ झाडाशी तंतोतंत जुळणारी असतात. म्हणजे सासूबाईंच्या झाडाच्या बीतून येते ते त्याच वाड्यातील झाड. ज्यांना सात वर्षे थांबायचे नसेल त्यांनी गुटी कलम आणावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची साई शरबती किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या विक्रम व प्रमालिनी या जाती परिचित आहेत. आम्ही मात्र बियाच लावल्या. गच्चीच्या कोपऱ्यात आता दोन रोपे आहेत. एक फुलपाखरांच्या खात्यावर, एक मुलाच्या नावावर. फुलपाखरांच्या रोपाला पावसाळ्यात क्वचितच पान शिल्लक राहते, आणि दर वेळी ते पुन्हा फुटते.

मोठ्या झाडाने कुंडी बदलल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी बहर धरला. सासूबाई पहिली लिंबे कधी घरात ठेवत नसत. वाड्यातल्या जुन्या शेजाऱ्यांकडे धाडत. मामंजींनी ती स्वतः तोडली, पाच-पाच मोजून पिशव्यांत भरली आणि स्वतःच जिने चढून-उतरून देऊन आले. परतल्यावर खुर्चीत टेकत त्यांनी विचारले, "पुढची कुंडी कोणत्या साली बदलायची, ते लिहून ठेवलंस का?"

मी लिहून ठेवले आहे. आपणही कुंडीच्या बाहेर तळाशी, पुसणार नाही अशा रंगाने, कुंडी बदलल्याचे साल लिहून ठेवावे.